चक्कीवाल्या ताई आणि राणीचा ब्रेक

जुन्या गाड्यांच्या गॅरेजात पंचवीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात, ड्रममध्ये ब्रेकची काळी भुकटी साचते तसे. कुठल्या लग्नात, कुठल्या बारशात चार ओळखीचे भेटले की कुणीतरी खुर्ची ओढतं आणि म्हणतं, "मधुभाऊ, सांगा ना एखादा गॅरेजचा!"

मी घसा खाकरतो. हायवेच्या कडेला एकट्यानं गिअरबॉक्स कसा उतरवला होता, ते सांगायला घेतो. दोन वाक्यं होत नाहीत तोच समोरचा म्हणतो, "तो नाही हो. त्या चक्कीवाल्या ताईंचा सांगा!"

आता बोला! गॅरेजात पंचवीस वर्षं मी. किस्से त्यांचे!

बरं, त्यांचेच सांगतो. फक्त ऐकताना जळका वास आला, तर तो ब्रेकचा समजू नका.

आमचं गॅरेज खामगावात, जुन्या जिनिंग फॅक्टऱ्यांच्या रस्त्याला. मालक नाना. कापसाच्या भरभराटीच्या काळात इथल्या शेटलोकांच्या आजोबा-पणजोबांनी विलायतेहून मोठमोठ्या गाड्या आणल्या होत्या. लांब बोनेट, तारांच्या आऱ्यांची चाकं, कंदिलाएवढे दिवे. त्यातल्या काही अजून चालतात. त्यांच्या ब्रेकमध्ये तेल नाही, पाइप नाही. पेडलपासून चाकापर्यंत नुसते लोखंडी दांडे आणि ते जोडणाऱ्या पिना. पेडल दाबलं की दांडा ओढला जातो, आणि ड्रमच्या आतले ब्रेक-शू फाकून ड्रमला घासतात. कॉम्प्युटर लावून दोष सांगणारे नवे मेकॅनिक तिथं हात टेकतात. आमच्या भागात हे काम नानांना येत होतं, आणि नानांच्या खालोखाल मला. नानांनंतर कोण, हा प्रश्न कुणाला पडतच नव्हता. मला तर नाहीच नाही.

मग आमच्या शेजारी पिठाची चक्की सुरू झाली.

* * *

भाऊसाहेबांची 'राणी' तेव्हा आमच्याकडं होती. भाऊसाहेब म्हणजे एका जिनिंगवाल्या घराण्यातले आजचे कर्ते, आणि राणी म्हणजे त्यांच्या आजोबांची काळी विलायती गाडी. कंपनीनं तिला काय नाव दिलं होतं ते जाऊ द्या, खामगावात ती राणीच. तर ह्या राणीला एका ठरावीक वेगात थरथर सुटायची. त्याच्या खाली नाही, वर नाही, नेमकी तेवढ्यात. भाऊसाहेब म्हणायचे, "अरे, माझी कवळी वाजते!"

मी वीस दिवस झटत होतो. चाकं बॅलन्स केली, आरे आवळले, पुढचे बुश बदलले. थरथर होती तिथंच.

एका सकाळी मागची चाकं जॅकवर उचलून मी इंजिन चालू ठेवलं होतं आणि फिरत्या चाकाकडं डोळे रोखून बसलो होतो. तेवढ्यात चक्कीतून बाई आल्या. जानेफळच्या. नवरा एसटीत कंडक्टर, त्याची बदली खामगावला झाली म्हणून चक्कीसुद्धा उचलून इकडं आणलेली. नाव कुसुम. भुवयांपर्यंत पीठ.

"तुमचा धूर माह्या दळणात येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "गाडीचं तोंड जरा फिरवा ना."

"पाच मिनिटं थांबा," मी म्हणालो.

त्या थांबल्या. थांबता थांबता मडगार्डवर हात टेकवला. मग तो उचलून दारापाशी ठेवला. मग वाकून दाराखालच्या पायरीवर ठेवला.

"हे चाकाचं नाही," त्या म्हणाल्या. "मधातल्या दांड्याचं हाय. माह्या चक्कीचा शाफ्ट असाच बोले. पुलीवर कोनं तं जड बोल्ट लावून ठेवला होता."

मी हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि गाडीखाली शिरले. इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जो शाफ्ट जातो, त्याचा जॉइंट चाचपला. खालूनच ओरडले, "मधू! ह्या एकाच बोल्टले दोन वायसर जास्त कोनं टाकले बे?"

तो जॉइंट मागच्या दिवाळीत मीच बसवला होता.

वायसर काढले. थरथर गेली. राणीच्या काळ्या मडगार्डवर पिठाचा पंजा उठला होता. मी पुसायला फडकं घेतलं तर नाना म्हणाले, "राहू दे."

दोन दिवस राहू दिला त्यांनी! येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी नाना स्वतः चक्कीत गेले. ज्वारी घेऊन नाही, रिकाम्या हातानं. परत आले ते सांगतच, "सकाळचं दळण आटोपलं का बाई दुपारून इकडे येतील." आणि माझ्या टूलबॉक्सशेजारी दुसरा टूलबॉक्स ठेवला. माझ्यापेक्षा नवा!

* * *

पहिल्या आठवड्यात मला जरा बरं वाटलं. कारण कुसुमताईंनी आयुष्यात ब्रेकचा ड्रम पाहिला नव्हता. मी एक उतरवून त्यांच्यापुढं ठेवला तर म्हणाल्या, "हे तं पातेलं हाय!"

मी दिवसभर हेच सांगत फिरलो. चहावाल्याला सांगितलं, पंक्चरवाल्याला सांगितलं, घरी लताला सांगितलं. लता म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, "मग, पातेल्यावानीच असते ना ते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं भंगारवाल्याकडं गेलो. राणीचा एक ड्रम झिजला होता आणि त्याच्याकडं तसेच चार होते. मी चारही उन्हात धरून पाहिले, बोट फिरवून पाहिलं आणि त्यातला चकचकीत होता तो निवडला. "हाच घ्या, नाना."

कुसुमताईंनी जमिनीवरून एक छोटा पाना उचलला. चारही ड्रम एकेक करून दोरीला टांगले आणि बाजारात मडकं वाजवून पाहतात तसे टिचकावले. पहिला वाजला. दुसरा वाजला. तिसरा वाजला, अगदी देवळातल्या घंटेसारखा. माझा चकचकीत 'थब्ब' म्हणाला.

"याले तडा हाय," त्या म्हणाल्या.

"कुठं? दाखवा!" मी म्हणालो.

नानांनी ड्रमला रॉकेल लावलं, पुसलं आणि त्यावर खडूची भुकटी चोळली. काठापासून आतपर्यंत केसाएवढी रेघ उमटली. ब्रेक तापला असता की त्या ड्रमचे दोन तुकडे झाले असते.

निघताना भंगारवाल्यानं मला बाजूला घेतलं. मला वाटलं, धीर देतोय. तो कानात म्हणाला, "मधुभाऊ, पुढच्या वेळी तुम्ही एकटेच येत जा."

* * *

आता एक माझा सांगतो. मध्येच सांगतो, म्हणजे कुणी उठून जाणार नाही.

मेहकरकडच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी यायची. ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की रस्त्यावरची कुत्री पळायची. ताई तीन दिवस हात लावून पाहत होत्या, त्यांना उमगलं नाही. खरंच नाही उमगलं! मला उमगलं. ब्रेक-शूवर चिकटवलेल्या लायनरची पुढची कड ड्रममध्ये चावत होती. मी कानस घेतली, आठही कडा उतरत्या घासल्या आणि ड्रमवरून खरकागद फिरवला. गाडी मांजरासारखी मुकाट थांबू लागली.

डॉक्टर न्यायला आले. बाजारातून एक चक्कर मारून आले, उतरले आणि सरळ कुसुमताईंपुढं उभे राहून हात जोडले. "ताई, ऐकलं होतं तुमच्याबद्दल. आज पाहिलं!"

"हे मधुभाऊनं केलं," ताई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. "किती हा मोठेपणा!"

डॉक्टरांनी आणलेले पेढे ताईंनी माझ्याकडं सरकवले. मी म्हणालो, मी गोड खात नाही. लता दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गेली, तेव्हा तिनं ताईंना सांगितलं म्हणे की आमच्या घरी गुळाच्या डब्याला कुलूप लावावं लागतं!

* * *

जळगाव जामोदचे अण्णाजी म्हणजे मोठे बागायतदार. संत्र्याची बाग, दारात दोन ट्रॅक्टर आणि शेडमध्ये वडिलांनी घेतलेली लांबलचक उघडी गाडी. तिचं दुखणं असं, की सकाळी पहिला ब्रेक मारला की गाडी डावीकडं खेचायची. एकदा त्यांनी फाटकाचा खांबच घेतला.

मी त्यांच्याकडं जाऊन आठवडाभर राहिलो. चारही चाकांचे दांडे कमीजास्त केले. डावा ढिला, उजवा ताठ. दुपारी गाडी सरळ थांबायची. सकाळी पुन्हा डावीकडं! आठव्या दिवशी अण्णाजींनी नानांना फोन केला.

ताई आल्या. मी दांड्यांच्या मापांचा कागद काढून उभा. त्यांनी कागद पाहिला नाही, गाडीही पाहिली नाही. अण्णाजींना विचारलं, "गाडी उभी कुठी राह्यते?"

"ह्या शेडात. म्हशीच्या गोठ्याले लागून."

"अन् म्हशी धुता कुठी?"

अण्णाजींनी बोट दाखवलं. गोठ्याची भिंत अर्धीच होती. रोज संध्याकाळी पाइपनं म्हशी धुतल्या की पाण्याचे फवारे भिंतीवरून गाडीच्या डाव्या चाकांवर. रात्रीतून डाव्या ड्रमना आतून गंजाचा पापुद्रा धरायचा, आणि सकाळी पहिल्या ब्रेकला तीच चाकं आधी पकडायची. दोन-चार ब्रेक झाले की गंज घासून जायचा आणि गाडी शहाण्यासारखी वागायची.

मला पटलं नाही. "पाण्यानं एवढं होतं होय?"

"मग आज गाडी उलटी उभी करा," ताई म्हणाल्या. "उजवी बाजू भिंतीकडे येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो, तोच अण्णाजी फाटकातून ओरडत आले, "अहो, आता उजवीकडे ओढून राह्यली!" दुसरा खांब गेला होता.

ताईंनी शांतपणे कप खाली ठेवला. "अण्णाजी, एक तं गाडी हलवा, नाही तं म्हशी."

अण्णाजी म्हणाले, "गाडीच हलवतो. म्हशी कोनाचं ऐकत नाहीत!"

सगळे हसले. मी बिघडवलेली चारही दांड्यांची मापं ठिकाणावर आणायला ताईंना आणखी दोन दिवस लागले. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं!

* * *

मग फोटो. हा छोटाच आहे.

जुन्या गाड्यांचा एक शौकीन मुंबईहून राणी पाहायला आला. सोबत फोटोग्राफर. ताईंना गाडीपुढं उभं केलं. मीही जाऊन उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, तुमची सावली पडतेय बोनेटवर. जरा डावीकडे." मी सरकलो. "अजून जरा." सरकलो. "अजून." मी गॅरेजच्या दारापाशी पोचलो.

पेपरात फोटो आला. राणी आली, ताई आल्या आणि अगदी कडेला एक कोपर आलं. माझं.

लतानं तो फोटो कापून फ्रिजवर लावला. मी म्हणालो, "काढ तो. त्यात मी कुठं आहे?"

ती म्हणाली, "हाव ना, हे काय! कोपर वळखू येते तुमचं."

* * *

आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. तरी सांगतो.

मी ठरवलं, ताईंना एकदा तरी चुकवायचं. राणी धुऊनपुसून तयार होती. नाना आणि ताई तिला फिरवून आणणार आणि ताई हात ठेवून सांगणार, सगळं ठीक आहे का नाही. मी कुणी नसताना एक मोठा नट घेतला आणि पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूनं आऱ्याला तारेनं बांधला. अगदी रिमजवळ. चाक फिरलं की थरथरणार, आणि बाहेरून काही दिसणार नाही. मनात म्हटलं, शोधा आता शाफ्टमध्ये!

ते फिरून आले. मी दारातच उभा. नाना उतरले. "काय म्हनते राणी?" मी विचारलं.

"जरा थरथर वाटली मले," नाना म्हणाले. "काऊन कुसुम?"

ताई खाली बसून चाकापाशी काहीतरी करत होत्या. उठल्या, पदराला हात पुसले. "काही नाही नाना. बारीक दगड अडकला होता. काढला."

माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, खरंच दगड असेल. माझा नट कुठंतरी गळून पडला असेल. संध्याकाळी शीळ घालत घरी गेलो.

लता स्वयंपाकघरातून आली. हातात पिठाचा डबा. "अहो, कुसुमताईच्या चक्कीचं काही तरी ढिलं झालं वाटते. पिठावर हे पहा काय आलं!"

कागदाच्या पुडीत नीट गुंडाळलेला, पुसून लख्ख केलेला तो नट. आणि सोबत तारसुद्धा!

लता म्हणाली, "उद्या जाऊन चक्की पाहून द्या ना त्यांची. शेजारधर्म हाय का नाही?"

* * *

आणि हा शेवटचा. हा मी लग्नाबारशात सांगत नाही.

भाऊसाहेबांच्या नातीचं लग्न बुलढाण्याला ठरलं आणि नवरी राणीतून जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. खामगावाहून बुलढाणा म्हणजे मध्ये बोथ्याचा घाट. त्याआधी राणी एकदा घाटात चढवून-उतरवून पाहायची होती. आदल्या दिवशी नाना म्हणाले, "आता माह्या गुडघ्यानं गाडीखाली जानं होत नाही. राणीची जबाबदारी एकाच्या हातात द्या लागते. घाटातून आल्यावर सांगतो, कोनाच्या."

एवढंच म्हणाले. मी आणि ताई, दोघंही ऐकत होतो.

ब्रेकचं सगळं काम मी मागून घेतलं. "हे मी करतो. अन् मी केलेलं कोनं तपासाचं नाही," मी म्हणालो. ताई म्हणाल्या, "बरं."

सकाळी मी गाडीखाली शेवटचा जोड करत होतो. पेडलचा मुख्य दांडा जिथं जोडला जातो, तिथं एक जाड पिन आरपार जाते. ती निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या बारीक भोकात एक छोटी फाट्याची पिन घालायची आणि तिचे दोन्ही पाय वाकवायचे. जाड पिन घातली. छोटी नवीकोरी पिन हातात होती. तेवढ्यात पलीकडून नानांचं हसणं ऐकू आलं. मोठ्यानं, मनापासून. पंचवीस वर्षांत माझ्या बोलण्यावर नाना असे हसले नव्हते. मी कान दिला. ताई काहीतरी सांगत होत्या. ऐकू येईना. मी सरपटत बाहेर आलो आणि हात पुसत तिकडं गेलो. मी पोचलो तसे दोघंही गप्प झाले, निदान मला तरी तसं वाटलं. मग नाना म्हणाले, "झालं ना रे? चला."

"झालं," मी म्हणालो.

मी गाडी चालवत होतो. शेजारी नाना, मागं ताई. घाट चढलो, छान. वर थांबून पाणी प्यायलो. उतरायला लागलो. पहिली दोन वळणं राणी लोण्यासारखी उतरली. तिसऱ्या वळणाआधी पेडल दाबलं आणि पाय थेट फळीला टेकला. खाली काहीच नव्हतं. पुन्हा दाबलं. पुन्हा फळी.

"नाना, ब्रेक गेला!"

मी हँडब्रेक ओढला. त्याचे शू वेगळे असतात, ते पकडले, पण राणीचं वजन त्यांना आवरेना. गिअर खाली घालायला गेलो तर दातांवर दात आपटले. नाना दोन्ही हातांनी काच धरून होते. मागून ताईंचा आवाज आला, चक्कीत गिऱ्हाइकाला "डबा इकडे ठेवा" म्हणावं तसा. "घाई नका करू. एक डाव रेस द्या, मंग घाला. अन् डावीकडे डोंगराच्या कडेले माती हाय, तिच्यात घाला गाडी."

मी रेस दिली, गिअर पडला. राणी आचका देऊन मंदावली. मी डावीकडं घेतली. मडगार्ड झुडपात घुसलं, चाकं मातीच्या ढिगावर चढली आणि आम्ही थांबलो. उजव्या हाताला दरी होती. तिकडं मी पाहिलं नाही.

नानांचा चष्मा पायाशी पडला होता. ते तो उचलतही नव्हते.

ताई आधी उतरल्या. "नाना, तुम्ही बसा," म्हणाल्या आणि पदर खोचून सरळ गाडीखाली शिरल्या. मी मागोमाग. जाड पिन सरकून चासीच्या खाचेत अडकली होती आणि दांडा मोकळा लोंबत होता. ताईंनी ती पिन उचलली, बोटात फिरवली आणि टोकाचं बारीक भोक उजेडात धरलं. भोक स्वच्छ होतं. आत तुटक्या पिनेचा तुकडा नाही, ओरखडा नाही. ताईंनी भोकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

माझा हात शर्टच्या खिशावर गेला. नवीकोरी पिन तिथंच होती. सकाळी ताईंचं बोलणं ऐकायला उठून जाताना मी ती खिशात टाकली होती.

वरून नानांचा आवाज आला, "काय झालं रे?"

"फाट्याची पिन तुटली, नाना," ताईंनी गाडीखालूनच सांगितलं. "जुनी होती. जुन्या मालाचा काही भरवसा नाही."

खिशातली पिन काढली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण काढली असती तर नानांना कळलं असतं. मी तसाच पडून राहिलो, हात खिशावर. ताई थोडा वेळ थांबल्या. मला वाटतं, मी काढतो का याची वाट पाहत होत्या. मग त्यांनी हात मागं नेला, अंबाड्यातला एक आकडा उपसला, दांडा जोडून जाड पिन घातली, त्या भोकात आकडा ओवला आणि पक्कडीनं त्याची टोकं वाकवली. अंबाडा सुटून अर्धे केस मातीत आले होते.

"चालते आता," त्या म्हणाल्या. "हळू हळू घ्या."

त्या आकड्यावर राणी अख्खा घाट उतरली आणि खामगावात आली.

गॅरेजात आल्यावर नाना बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. पाणी प्यायले. मग मला जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. "मधू, दुसरा कोनी राह्यता तं आज आपुन तिघंही दरीत असतो. गाडी तू थांबवली. आजपासून राणी तुह्याकडे."

पंचवीस वर्षं मी ह्या वाक्याची वाट पाहत होतो. मी ताईंकडं पाहिलं. त्या केस बांधत होत्या. "बरोबर हाय नाना," म्हणाल्या, आणि दळणाची वेळ झाली म्हणून चक्कीत निघून गेल्या. थोड्या वेळानं चक्कीचा पट्टा फिरल्याचा आवाज आला.

सगळे गेल्यावर मी राणीखाली शिरलो. आकडा सरळ करून काढला, खिशातली नवी पिन घातली आणि तिचे पाय वाकवले. तीनदा हात लावून पाहिलं. आकडा पुसून खिशात ठेवला. उद्या ताईंना परत देईन, आणि देताना काहीतरी बोलेन, असं मनात होतं.

घरी आलो. शर्ट काढून ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो. बाहेर येतो तर लता शर्ट भिजवण्याआधी खिसे तपासत उभी. हातात आकडा.

"हा कोनाचा?"

खरं सांगायचं तर पिन कुणी घातली नव्हती, तिथून सुरुवात करावी लागली असती. मी म्हणालो, "ब्रेकचा."

लतानं आकडा खिडकीच्या उजेडात धरला. ग्रीस मी पुसलं होतं, पण त्याच्या दोन पायांमध्ये एक लांब काळा केस गुंतून राहिला होता. तिनं तो दोन बोटांनी सावकाश ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला.

"अन् ब्रेकले केस कवापासून यायले लागले?"